ओघळ

गुरुवारी चारनंतर दुकानात सहसा कुणी फिरकत नाही.
ग्दिनियाच्या धक्क्यावरून वारा येतो, दाराच्या फटीतून शिरतो,
आणि दोऱ्याला टांगलेली विमानं जराशी हलतात.

तशात विल्चेव्स्की आले. टोपी काढली,
रुमाल सोडून जुना एअरब्रश काउंटरवर ठेवला,
पडलेला दात दाखवावा तसा.
"हा थुंकतो," म्हणाले. "याच्याहून बरा द्या."

बरा म्हणजे कसा, हे मी सगळ्यांनाच विचारते.
नऊ वर्षं विचारतेय. बहुतेकांच्या मनात असतं, महाग.
ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मी तीन मांडले.

पहिला सरळमार्गी: दाबा, रंग येतो; सोडा, थांबतो.
दुसऱ्याचं बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग,
दोन्ही व्यवहार एकाच बोटाने सांभाळायचे.
तिसऱ्याला पिस्तुलासारखा घोडा,
ज्यांचे हात कापतात त्यांना हा सोयीचा,
असं म्हणणार होते, तेवढ्यात त्यांचे हात दिसले
आणि मी वाक्य गिळलं.

काळ्या कागदावर नुसतं पाणी घालून त्यांनी तिन्ही चालवले.
मनगट हललंच नाही. अख्खा हात खांद्यातून सरकत गेला.
"गोदीत होता?"
"एकतीस वर्षं. तिथलं पिस्तूल एवढं होतं,"
आणि हात असे धरले, जणू कुशीत करडू आहे.
"आता तेच जहाज करतोय. एकास दोनशे."

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं:
पॉइंट टूची सुई घ्या, गंज काय सुरेख उतरतो,
नांगराच्या भोकाखाली तांबूस रेघा, वर मिठाची पांढरी झाक,
हल्ली सगळे गंजच रंगवतात.
त्यांनी बस थांबवावी तसा हात वर केला.
"पोरी, तो गंज बाहेर ठेवायचाच मी पगार घेतला.
आता घरात फुकट कशाला आणू?"

मग जाड सुई पुरेल, स्वस्तही पडेल, मी म्हणाले.
"नाही. बारीकच लागेल."

फेब्रुवारी होता. गारठ्याने रंग जड झालेला.
खालून कुणीतरी हाक मारली, यांनी वळून पाहिलं,
हात मात्र तिथेच राहिला.
हात थांबला की रंग चालू लागतो.
उजव्या अंगाला, नांगराच्या भोकामागे, हातभर लाल ओघळ.
मुकादमाला दिसला नाही. बाटली फुटली, बँड वाजला,
आणि यांची चूक सांतोसला गेली, डर्बनला गेली,
सव्वीस वर्षं बिनतिकीट.
शेवटी गुजरातेत कुठल्याशा किनाऱ्यावर जहाज कापलं.

"हाक कुणी मारली होती?"
ते विचारात पडले. खरोखरच पडले.
"ते आठवत नाही. ओघळ आठवतो."

मी कॅल्क्युलेटर काढला. पंचेचाळीस सेंटिमीटर, भागिले दोनशे:
सव्वादोन मिलिमीटर. मोहरीएवढा लांब, केसाएवढा रुंद.
कुंचल्याने काढा की, मी म्हणाले, बारा झ्वॉतींत काम होईल.
"काढलेला ओघळ खोटा," ते म्हणाले. "तो पडावा लागतो."

घोडेवालाच घेतला. नोटा दोनदा मोजल्या.
कंप्रेसर रात्री फार वाजतो का, विचारलं;
खाली जुना टॉवेल घाला, मी सांगितलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा गुरुवार, पुन्हा टोपी हातात.
"ब्रश उत्तम आहे. पण जमत नाही.
हात आता थांबतच नाही."

बाहेर एक क्रेन उगाच वळत होती.
जहाज इथे घेऊन या, मी म्हणाले,
त्या खिडकीपाशी बसा, रंगवायला लागा.
मी मागच्या खोलीत असेन. मध्येच कधीतरी
हाक मारीन.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाले, लालच्या दोन बाटल्या द्या.